एकेचाळीस नंबरची हजेरी

आमच्या वाचनकक्षात पेन चालत नाही. पेन्सिल लागते, तीही आर्डिथने स्वतः टोक काढलेली. दाराशी एक टोपली असते; येणाऱ्याने आपलं पेन तिच्यात टाकायचं, कोट खुंटीला अडकवायचा, हात धुवायचे आणि मग टेबलापाशी यायचं. अमेरिकेतल्या शिक्षणाचा इतिहास लिहायला निघालेल्या भल्याभल्या प्राध्यापकांच्या खिशातून आर्डिथने पेनं काढून घेतलेली मी पाहिली आहेत. शाईचा ठिपका एकदा पडला की कायमचा, असं ती सांगायची. मी मात्र अठरा वर्षं अंबाड्यात एक निळं पेन खोचून तिच्यासमोर वावरले, आणि ते तिला दिसत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

आर्डिथ हॉफनर विलो फोर्कच्या ग्रंथालयातल्या दप्तरखान्याची प्रमुख होती. प्रमुख म्हणजे तळघरात ती आणि हाताखाली मी, एवढंच. पश्चिम नेब्रास्कातल्या आमच्या काउंटीत एके काळी त्र्याऐंशी शाळा होत्या, प्रत्येक एका खोलीची, एका बाईंची. त्या सगळ्यांचे हजेरीपट, शाळामंडळांची इतिवृत्तं, बाईंचे करारनामे, तपासनिसांची पत्रं असं सगळं आमच्याकडे होतं. कुठल्या बाईंना लग्न केलं म्हणून काढलं, कुठल्या शाळेत दोन हिवाळे काचेऐवजी पुठ्ठा लावला होता, हे आर्डिथला तोंडपाठ होतं. प्राध्यापक मोठमोठे सिद्धांत घेऊन यायचे. ती एक खोकं आणून त्यांच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "आधी हे वाचा. मग बोलू." पुढे त्यांची पुस्तकं यायची, त्यांत तिचे आभार असायचे आणि निम्म्यांत तिचं नाव चुकलेलं असायचं. मग ती समासात पेन्सिलीने दुरुस्ती करायची आणि पुस्तक फळीवर लावायची.

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मला ती मुळीच आवडली नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही. मी एकदा रबरबँड लावून कागद ठेवले, तर तिने ते खोकं माझ्यासमोर उघडून कागदाला चिकटून कुजणाऱ्या रबरांवर अर्धा तास व्याख्यान दिलं. जेवायला आम्ही बाहेर पायऱ्यांवर बसायचो. रोज तिच्या डब्यात कोबी आणि मांस भरलेला एकच पाव, आणि त्यातला अर्धा ती मला न विचारता द्यायची. बोलणं नाही, नुसता पाव. असं करत करत मला तिचा लळा लागला.

तिचे आजीआजोबा रशियात व्होल्गाकाठी वसलेले जर्मन. इथे बिटाच्या शेतात राबायला आले, रांगत रांगत रोपं विरळ करायची, सुरीने शेंडे उडवायचे. तिच्या आईचं नाव बारा नंबरच्या शाळेच्या पटावर होतं. हजेरीच्या खुणा नऊ मेपर्यंत आणि त्यापुढे कोऱ्या चौकटी. बिटं आली की शाळा संपली. सहावीनंतर ती संपलीच. एकदा मी मागून गेले तेव्हा आर्डिथ त्या कोऱ्या चौकटींवर बोट फिरवत बसली होती. मला पाहून म्हणाली, "धूळ बसते गं," आणि पट बंद केला.

दोन हजार चार सालच्या वसंतातली गोष्ट. एकेचाळीस नंबरची शाळा कितीतरी वर्षं कुणाच्या तरी शेतात धान्याची कोठी होऊन पडली होती. गावाने ती उचलून रस्त्याकाठी आणली, रंगवली आणि ठरवलं की दारावर पितळी पाटी लावायची. त्या शाळेत जे जे मूल शिकलं त्या सगळ्यांची नावं तिच्यावर. यादीचं काम अर्थातच आर्डिथकडे. तिने अख्खा हिवाळा त्यात घातला. नियम एकच: ज्या नावाला कागद आहे तेच नाव पाटीवर जाईल. दोनशे बारा नावं निघाली. वर्णक्रमाने लावलेली यादी गावच्या साप्ताहिकात छापून आली, म्हणजे कुणाला चूक दिसली तर सांगावी. शुक्रवारी दुपारी बाराला ती ओतकामाच्या कारखान्याकडे जायची होती.

सोमवारी सकाळी चाकांचा वॉकर ढकलत एक म्हातारी आत आली. मागे तिची नात, हातात गाडीची किल्ली. म्हातारीने टोपली पाहिली, पर्स उघडली आणि पेन नसतानाही लिपस्टिक काढून टोपलीत ठेवली.

"यादी तू केलीस?" तिने आर्डिथला विचारलं.

"हो. काही चुकलंय का?"

"माझं नाव नाहीये त्यात. ओफेलिया कारांको. आता बुस्तोस, पण शाळेत कारांको."

"कुठलं वर्ष, मिसेस बुस्तोस?"

"चौतीस आणि पस्तीस. दोन हिवाळे. बिटं उपटून झाली की नोव्हेंबरच्या शेवटी जायचो, ते मार्चपर्यंत. शिकवायला मिस रडॉक होत्या."

नात हळू आवाजात माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी हे नेहमी सांगते. आई म्हणते, खिडकीतून बघत उभी राहिली असेल फार तर."

"हिची आई म्हणते मी थापा मारते," ओफेलिया मोठ्याने म्हणाली. कान चांगले शाबूत होते. "मी एक्क्याऐंशीची आहे. थापा मारायला मला वेळ कुठाय? पोरी, माझ्या जन्माचा कागद दुसऱ्याने लिहिला. लग्नाचाही दुसऱ्याने. मी इतर कुठल्याच शाळेत गेले नाही. ते दोन हिवाळे तेवढे माझे आहेत. ते मला त्या पाटीवर हवेत."

आर्डिथ आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात चौतीस सालचा हजेरीपट होता, मिटलेला. "मी आत पाहिलं. सतरा नावं आहेत. तुमचं नाही, वाईट वाटतं सांगायला."

ओफेलियाने मिटलेल्या पटाकडे नुसतं पाहिलं. "ही ती वही नाही. हिच्या कोपऱ्यावर डाग नाही."

"कसला डाग?"

"स्टोव्हवर ठेवली गेली होती, जळल्याचा डाग. बाईंकडे दोन वह्या होत्या. हुबेहूब सारख्या. ही काउंटीच्या साहेबांकडे जायची. दुसरीतून त्या रोज सकाळी हजेरी घ्यायच्या. आम्ही बिटवाली मुलं त्या दुसऱ्या वहीत."

आर्डिथचा चेहरा उतरला. अठरा वर्षांत मी तो तसा पाहिला नव्हता. "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली.

त्या दोघी गेल्यावर ती मागच्या कपाटाकडे गेली. दप्तरखान्यातून काहीही टाकून दिलं की त्याची एक चिठ्ठी लिहून ठेवायची असते, आणि आर्डिथच्या चिठ्ठ्या सत्त्याहत्तर सालापासून क्रमाने लावलेल्या होत्या. तिला शोधायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. चिठ्ठी तिने माझ्यासमोर ठेवली. अक्षर तिचंच, जरा कोवळं. "शाळा क्र. ४१. हजेरीपटांच्या दुसऱ्या प्रती, सहा. दुबार. नष्ट केल्या. आ. हॉ., १४ ऑगस्ट १९७८."

"नियमच आहे ना तो," मी म्हणाले. "जागा नसते. दुबार असेल ते टाकायचं."

"पहिली दोन पानं मी ताडून पाहिली होती. तीच नावं, तोच क्रम. शेवटचं पान उलटलं नाही. एक पान, नोरा." ती खुर्चीत बसली. "आणि मंडळाच्या इतिवृत्तात आहे ते. हंगामी मजुरांची मुलं पटावर घेऊ नयेत. किती जणांना मी स्वतः तो उतारा काढून दाखवलाय! बाईंनी मग त्या मुलांचं काय केलं असेल, हे माझ्या डोक्यात नाही आलं. बिटवाल्यांची पोर मी, माझ्या नाही आलं."

पुढचे तीन दिवस आम्ही तळघर उलथंपालथं केलं. त्या काळी वर्ष संपताना बाई मुलांना एक छापील आठवणकार्ड द्यायच्या. त्यात शाळेचं नाव, बाईंचं नाव आणि सगळ्या मुलांची नावं असायची. घराघरांतून आलेल्या खोक्यांत, बायबलांत, पत्रांच्या गठ्ठ्यांत अशी कार्डं सापडतात. आर्डिथला वाटलं, एकेचाळीस नंबरचं पस्तीस सालचं एक कार्ड मिळालं तरी पुरे. ते गुरुवारी सकाळी मिळालं, टटल कुटुंबाच्या खोक्यात, पाकक्रियांच्या वहीत दडलेलं. कोपऱ्यात फुलांचं चित्र, मिस रडॉकचा गोल चेहऱ्याचा फोटो. खाली वर्णक्रमाने सतरा नावं. कारांको नाही.

"यादी मंडळाकडून गेली असणार छापायला," आर्डिथ म्हणाली. त्या दिवशी ती पायऱ्यांवर जेवायला आली नाही.

मी आत गेले. "टाक ना तिचं नाव. कोण विचारणार आहे?"

"मी विचारणार. एक नाव मनाने घातलं, की बाकीची दोनशे बारासुद्धा मनाचीच होतात."

मग माझा तोल गेला. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्या विलो फोर्कला माहीत आहे. "कागद तू नष्ट केलास आणि आता तिच्याकडेच कागद मागतेस? काय न्याय आहे हा, आर्डिथ!"

बोलले आणि लगेच वाटलं, आपण गप्प बसायला हवं होतं. तिने टेबलावरच्या पेन्सिली एकेक करून सरळ केल्या, टोकं एका दिशेला. नंतर फोन उचलला आणि ओफेलियाच्या घरी विचारलं की उद्या सकाळी येता येईल का, मला तुम्हाला काही सांगायचं आहे. मला तिची दया आली आणि माझीच लाज वाटली. तिच्या डब्यातला सगळा पाव मी तिच्यापुढे ठेवला, तर तिने नेहमीप्रमाणे अर्धा मोडून मला दिला.

शुक्रवारी ओफेलिया नटून आली होती. जांभळा झगा, कानात कुड्या. नातीच्या हातात फडक्याने झाकलेलं ताट, मक्याच्या पिठाच्या उकडलेल्या तमालेंच्या वासाने अख्खं तळघर भरलं. वाचनकक्षात पाण्याचा घोटसुद्धा चालत नाही. आर्डिथने ताटाकडे पाहिलं आणि शब्द काढला नाही. तेव्हाच मी ओळखलं की आज आर्डिथचं काही खरं नाही.

तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "मिसेस बुस्तोस, ती वही होती. डाग असलेली. इथेच होती. अठ्ठ्याहत्तर साली मी ती फेकून दिली."

ओफेलियाने चष्मा लावला, चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि सावकाश, प्रत्येक शब्दावर ओठ हलवत वाचली. नातीने किल्ली फिरवणं थांबवलं.

"वाचलीस का आधी?" ओफेलियाने विचारलं.

"पहिली दोन पानं."

"आम्ही शेवटच्या पानावर होतो."

"हो."

"बाईंनी तुला कोपऱ्यात उभं केलं असतं. वही पुरी वाचल्याशिवाय त्या घरी सोडायच्या नाहीत." तिने चिठ्ठी खाली ठेवली. "मला इतकी वर्षं वाटायचं, बाईंनी ती वही आम्ही गेल्यावर चुलीत घातली असेल. आम्हाला खूश करायला नुसतं लिहिल्यासारखं करत असतील. म्हणजे त्यांनी ती जपली होती?"

"त्र्याहत्तर सालापर्यंत. त्या वारल्यानंतर त्यांच्या भाचीने आमच्याकडे दिली."

"जपली होती," ओफेलिया नातीला म्हणाली. "ऐकलंस? आईला सांग." तिने डोळे पुसले. मीही पुसले. आर्डिथ पुसत नव्हती, तिच्या गालांवरून तसंच वाहत होतं.

थोड्या वेळाने आर्डिथ म्हणाली, "त्या शेवटच्या पानावर तुमच्याबरोबर आणखी कोण होतं?"

"असं मधूनच कसं सांगू? हजेरी काय मधून सुरू होते?"

ओफेलियाने वॉकर बाजूला सारला, पाय जुळवले, पाठ ताठ केली. "लेरॉय गेरलाख," ती म्हणाली. "हुल्डा वाइत्सेल. एमिल वाइत्सेल."

आर्डिथ उठली. लगबगीने आतून चौतीसचा पट घेऊन आली आणि टेबलाच्या पलीकडे, ओफेलियाला दिसणार नाही असा, उघडला. पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"पर्ल डनिंग. ऑरा डनिंग. ऑटो श्लेगल."

बोट एकेक ओळ खाली सरकत होतं. मी तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. साप्ताहिकातली यादी वर्णक्रमाने होती, कार्डही वर्णक्रमाने. हा क्रम त्या एका पटाशिवाय जगात कुठेच नव्हता, आणि तो ओफेलियाने कधी उघडा पाहिला नव्हता. नवव्या नावाला आर्डिथला राहवलं नाही.

"हा क्रम कसला आहे? मला तर सत्तावीस वर्षं वाटतंय की या बाई अजागळ होत्या."

"अजागळ? मिस रडॉक?" ओफेलिया भडकली. "जो सगळ्यांत लांबून चालत यायचा त्याचं नाव पहिलं. हजर म्हटलं की त्याने स्टोव्हपाशी जाऊन बसायचं. लेरॉय साडेतीन मैल यायचा. आणि तू मध्ये बोलू नकोस, मला आता परत पहिल्यापासून म्हणावं लागेल."

आणि खरोखरच ती परत पहिल्यापासून सुरू झाली. लेरॉय गेरलाख. हुल्डा वाइत्सेल. आर्डिथचं बोट वर गेलं आणि पुन्हा एकेक पायरी उतरायला लागलं. कुणीही मध्ये बोललं नाही. सोळा. सतरा, हार्ले टटल, ज्याचं घर शाळेच्या समोरच होतं. पानावरची नावं संपली. बोट शेवटच्या ओळीखाली, कोऱ्या जागेवर येऊन थांबलं.

ओफेलिया थांबली नाही.

"युलालियो रेंतेरिया. हॅसिंता रेंतेरिया. मार्गारितो पिन्याल." तिने एक श्वास घेतला. "ओफेलिया कारांको."

आणि मग, अगदी निराळ्या, पातळ आवाजात म्हणाली, "हजर."

नात पुढे होऊन तिच्या शेजारी बसली आणि तिने तिचा हात धरला. मला विचारल्याशिवाय राहवेना. "पण मग तुम्ही सगळ्यांत जवळून यायचात का?"

"सगळ्यांत लांबून. बिटवाल्यांच्या खोपटांतून, नदीपलीकडून. पण आमचं पान शेवटचं. म्हणून बाई आम्हाला हजेरीच्या आधीच स्टोव्हपाशी बसवायच्या. लेरॉयला राग यायचा." ती हसली. "ते तमाले गार होतायत."

ती चार नावं आज पाटीवर आहेत, वर्णक्रमात इतरांमध्ये मिसळलेली. उद्घाटनाला ओफेलियाची मुलगीही आली होती आणि आईचा हात सोडत नव्हती. पण मला पाटीपेक्षा जास्त आठवतो तो पाऊण तास, साडेअकरापासून सव्वाबारापर्यंतचा. आर्डिथने कारखान्याला फोन करून सांगितलं की यादीला उशीर होईल, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा. मग तिने ती अठ्ठ्याहत्तर सालची चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती, चार नावांना पुरेल एवढी. तिने पेन्सिल उचलली, टोक पाहिलं, आणि कागदाला लावण्याआधी खाली ठेवली.

"नोरा," माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तुझ्या अंबाड्यातलं पेन दे."